शपथेची गाडी

आमच्या गावाला सिटी बस यायची, एवढ्या एका गोष्टीवर माझं कॉलेज उभं होतं. बारावीच्या निकालादिवशीच अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं, "बस हाय तवर कॉलेज. बस बंद झाली की वह्या पेटीत." सोलापुरात खोली करून राहायचं नाही, मैत्रिणीकडं राहायचं नाही आणि बिरप्पाच्या वडापच्या रिक्षात तर पाय ठेवायचा नाही. बिरप्पा सहाजणांच्या जागेत डझनभर माणसं कोंबतो, पोरीबाळींनी त्यात बसू नये, हे अप्पांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. तेव्हा संध्याकाळी सहाची परतीची बस हेच माझं नशीब, आणि त्या नशिबाला देशीचा वास यायचा.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या स्टॉपसमोर देशी दारूचं दुकान आहे. टॉवेलच्या कारखान्यातली दिवसपाळी सुटली की आमच्या गावची माणसं आधी तिथं जायची आणि मग उरलेली बाटली घेऊन बसमध्ये चढायची. घरी बायको बघते, दुकानात मालक हाकलतो. निवांत बसून प्यायला सिटी बससारखी जागा नाही. मागचा लांब बाक त्यांचा. त्यावर शेंगा, फुटाणे, पाण्याची बाटली, सगळी मांडामांड. आम्ही पाच-सहा बायका पुढं दांडीला धरून उभ्या. बस वळली की माणूस अंगावर यायचा, आणि रस्ता सरळ लागला तरी अंगावरच राहायचा. कंडक्टर मानसिंगला सांगितलं तर तो हात जोडायचा. "मी एकटा, ते पंधरा. दात पडले तर ऑफिस दात बशीवनार हाय का?"

दुसऱ्या वर्षाला असताना चन्नवीर माझ्या बॅगेवर ओकला. चन्नवीर आमच्याच गल्लीतला, माझ्या बारशाला जेवून गेलेला. आत केमिस्ट्रीचं जर्नल होतं. "चुकलं की गं पोरी," म्हणाला आणि बाहीला तोंड पुसून पुन्हा बाटलीकडं वळला. घरी आल्यावर मी ते जर्नल नळाखाली धरून रडत होते आणि अव्वा मागं उभी होती. आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीच. अव्वा ज्वारीची कडक भाकरी करते, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि शहरातल्या दुकानांना पोचवते. तिचा हात जितका भरभर चालतो, तितकंच तोंडही. त्या दिवशी मात्र नुसता हातच चालला. एकेक पान उलथण्याने उचलून तिने तव्याच्या उबेला धरलं.

दुसऱ्या दिवशी ती भाकरीवाल्या बायका घेऊन बसच्या ऑफिसात गेली. तिथले साहेब नवीन होते आणि त्यांना पेपरात फोटो यायची आवड होती, हे आमचं भाग्य. आठवड्यात नियम निघाला. बसमध्ये दारू पिण्यास आणि दारू पिऊन चढण्यास सक्त मनाई. साहेबांनी अव्वाला शाल, श्रीफळ दिलं, आणि पेपरात तिच्या फोटोखाली 'रणरागिणी' असं छापून आलं. अप्पांनी तो पेपर मार्केट यार्डात चारजणांना दाखवला. ते तिथं कांद्याच्या अडत्याकडं दिवाणजी आहेत. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, बोलणं हळू. "आमच्या घरात असल्या गोष्टीला थाराच न्हाय," असं ते सगळ्यांना सांगत होते.

नियमाचा कागद बसच्या काचेवर चिकटला. मागच्या बाकावरची माणसं तो मोठ्यानं वाचायची आणि 'सक्त' या शब्दावर पेले एकमेकांना लावायची. मानसिंगकडं वास ओळखायचं यंत्र नव्हतं, आणि नुसत्या नाकावर कोण कुणाला उतरवणार? जो तो म्हणे, "मी कुटं पिलोय?"

मग अव्वाला ते सुचलं. तिने देवघरातला सिद्धेश्वर महाराजांचा फोटो काढला, हार घातला आणि बसच्या दारातल्या दांडीला तारेनं बांधला. संध्याकाळच्या गाडीला भाकरीची टोपली घेऊन ती स्वतः दाराशी उभी राहिली. "नियम ऱ्हाऊ द्या बाजूला," ती म्हणाली. "फोटूला हात लावायचा, पिलो न्हाय म्हनायचं आन् चढायचं. बस्स."

सोलापुरात पोलिसाला फसवतील, बायकोला फसवतील, बँकेला तर फसवतीलच. पण सिद्धेश्वराच्या फोटोवर हात ठेवून खोटं बोलायची छाती या भागात कुणाला नाही. पहिला आला चन्नवीर. हात उचलला, फोटोकडं पाहिलं, हात खाली घेतला. "हे बरं न्हाय वैनी," एवढं म्हणून मागं सरकला. त्याच्यामागचे सगळे तसेच सरकले. एकानेही खोटी शपथ घेतली नाही. मला हसू येत होतं आणि रागही. ह्यांना देवाची भीती होती, पोरींची लाज तेवढी नव्हती. आमच्या अंगावर कलंडताना कुणाला काही वाटलं नव्हतं, आणि इथं एका काचेच्या चौकटीपुढं सगळे कसे शहाण्यासारखे उभे.

बस त्या दिवशी रिकामी सुटली. मी खिडकीशी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्या रस्त्यावरची शेतं दिसली. काव्या नावाची माझ्या मागच्या वर्गातली पोर तर चक्क गाणं म्हणत होती. अव्वाने सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी दिली. मानसिंगने सुद्धा खाल्ली, पण रिकाम्या बाकांकडं बघत बघत. "गाडीत मानसं बी लागत्यात वैनी," तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. मीही नाही.

कारण न पिणारे तरी चढतील, असा आमचा हिशेब होता. तो चुकला. आमच्या गल्लीचे धोंडप्पा, सत्तरी गाठलेले, आयुष्यात दारूला न शिवलेले, दाराशी आले आणि फोटोला लांबूनच नमस्कार करून थांबले. "मी पीत न्हाय हे अख्ख्या गावाला ठावं हाय," ते म्हणाले. "पर शप्पत मी खानार न्हाय. शप्पत काय तिकीट हाय का गं, रोज रोज काढायला? घरात नातू आजारी हाय. देवाला असं रोज मधी ओढलं तर कुटं तरी उलटतंय." आणि ते काठी टेकत बिरप्पाच्या रिक्षाकडं गेले. त्यांचं बघून बाकीचे चांगलेही गेले. एकटा धोंडिराम तेवढा रोज चढायचा. तो बुद्धविहारात शिकवण्या घेतो. "ताई, आमी शपथा वाहत न्हाय. वास घ्या पायजे तर," म्हणून मानसिंगपुढं तोंड करायचा आणि जाऊन बसायचा. त्याच्याखेरीज सगळ्या आम्ही बायका.

मी रात्री अव्वाला म्हटलं, फोटो काढ, दुसरं काहीतरी करू. ती भडकली. "आता काढला तर म्हंतील, बाई हरली."

आणि मग अप्पा आले. त्या दिवशी बस एमआयडीसीच्या स्टॉपला थांबली आणि दाराशी अप्पा उभे. मार्केट यार्ड हैदराबाद रोडला; या स्टॉपवर अप्पांचं काही कामच नव्हतं. बिरप्पाची रिक्षा भरून गेली असेल, आणि त्यांना वाटलं असेल, शहरात भाकरी पोचवायचा दिवस नाही तर अव्वा गाडीत नसेल आणि मी मागं खिडकीशी बसलेली असेन. ती होती. दांडी धरायला त्यांनी हात वर केला, तिथं फोटो. फोटोमागं अव्वा. अव्वाच्या मागं मी.

हात तसाच थांबला.

"तू हो फुडं," ते म्हणाले. "मला जरा काम हाय हितं." सांगितलं ते अव्वाला, पण बघत होते ते जमिनीकडं. विभूती घामाने अर्धी पुसली होती. काम कसलं ते विचारायची गरज नव्हती. वाऱ्यावर त्याचा वास माझ्यापर्यंत आला होता. बसमधल्या बायका एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. धोंडिरामने पुस्तक उघडलं. मानसिंगने दोरीला हात घातला, पण ओढली नाही.

"घंटी मारा, मानसिंगभाऊ," अव्वा म्हणाली.

त्या रात्री तिने अप्पांना नेहमीसारखं वाढलं. अप्पा नेहमीसारखे जेवले. किती वर्षं चाललंय, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, चन्नवीरच्या ओकण्यावरून जी बाई ऑफिस डोक्यावर घेते ती आज घर डोक्यावर घेईल. तिने फक्त चटणी हवी का विचारलं. मला तिची कीव आली, आणि तिचा संतापही आला.

महिन्याच्या आत संध्याकाळची गाडी बंद झाली. मानसिंगने शेवटच्या दिवशी फोटो सोडवून अव्वाच्या टोपलीत ठेवला. रिकामी गाडी किती दिवस पळवणार, असं वर विचारत होते म्हणे. सकाळची फेरी राहिली, पण सकाळी गेलेल्या पोरीनं संध्याकाळी यायचं कशानं? बिरप्पाने मात्र दुसरी रिक्षा घेतली. तिला फुगे लावले होते.

"ठरल्यापरमानं," अप्पा दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले. "बस न्हाय, कॉलेज न्हाय. आन् रिक्षात कोन बसतंय ते मला चांगलं ठावं हाय."

हे ते अव्वासमोर बोलले. तुम्हाला कसं ठाऊक, एवढं एकच वाक्य तिने बोलायला हवं होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिली. ते वाक्य मीही बोलू शकत होते, पण माझीही जीभ उचलली नाही. बापाची अब्रू झाकायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

तरी ती शेवटचा प्रयत्न म्हणून मला घेऊन ऑफिसात गेली. वार्षिक प्रॅक्टिकल तोंडावर होतं. साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "बोला रणरागिणी."

"सहाची गाडी सोडा साहेब. पोरीचं कॉलेज बुडालंय."

"प्रवासी कुठायत?" साहेब हसले. "तुम्हीच तर पळवलेत."

"फोटू काढलाय. आता कोन शप्पत घालनार न्हाय."

"आता काय उपयोग? सगळ्यांना रिक्षाची सवय लागली. दारापर्यंत सोडतो म्हणे तो."

अव्वा उठली. तिने पदर नीट केला आणि दोन्ही हात जोडले. माझ्या आईला मी देवळाबाहेर कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं. "पिऊ द्या साहेब त्यास्नी," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसून पिऊ द्या. आमी ऱ्हातो की उभ्या. ओकू द्या, अंगावर पडू द्या, आमी कायबी म्हननार न्हाय. लिहून देते पायजे तर. पर गाडी सोडा."

साहेब अवघडले. दारातल्या शिपायाकडं बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "अहो, असं काय बोलता? आपण सत्कार केलाय तुमचा. आणि बसमध्ये दारू बंद आहे. तो नियम आहे."

चहा आला होता. तो तसाच राहिला.

परत यायला बिरप्पाची रिक्षाच होती. अव्वाने मला आत ढकललं, टोपली मांडीवर घेतली आणि माझ्या बाजूला बसली. एमआयडीसीच्या स्टॉपला रिक्षा थांबली आणि माणसं चढायला लागली. चन्नवीर आला, बाटली पायांत धरून समोर टेकला. "बसा वैनी, बसा निवांत," म्हणाला, जणू काही पाहुणे आलेत. कुणी फुटाणे काढले. तोच वास, तीच माणसं. फक्त इथं उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

मग दुकानाच्या बाजूने अप्पा आले. रिक्षाच्या कांबीला हात घालून आत वाकले आणि आम्हाला बघून तसेच राहिले. बिरप्पा पुढून ओरडला, "चला अन्ना, रोजच्यासारकं घ्या की दाबून!"

मी अव्वाकडं बघितलं. आता तरी, मला वाटलं, आता तरी ती बोलेल.

"सरक की गं जरा," ती मला म्हणाली. "बसू दे त्यास्नी."