खुशीच्या हाताची ओली पट्टी

मी एक ओली पट्टी बोलत आहे. सध्या दोरीवर वाळत असले, तरी घरात माझे नाव तेच आहे.

कृपया मला चिंधी म्हणू नका. बडनेऱ्याच्या सीमाताईंच्या पांढऱ्या सुती साडीचा मी पदर होते. वारंवार धुतल्याने मला जो मऊपणा आला आहे, तो कोणत्याही नव्या कापडाला येणार नाही.

सीमाताईंची खुशी चौथीत शिकते. तिला इसब आहे. कोपराच्या लवणीत खाज सुटली, की ती रक्त येईपर्यंत ओरबाडत असे. भाद्रपदात शेजारच्या आशाबाईंकडे भुलाबाई बसली; कोजागिरीपर्यंत रोज मुली तिच्यापुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखून खातात. खुशी टिपऱ्या घेऊन गेली, तेव्हा आशाबाईंनी तिला दारातच अडवले.

“खरूज हाय ते. बाकीच्या पोरीयले लागन. बरी झाली का ये.”

त्यानंतर खुशी भुलाबाईची गाणी भिंतीपलीकडूनच ऐकू लागली.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, की इसब कोणालाही लागत नाही. त्यांनी खुशीची नखे बारीक कापायला लावली. कोमट पाण्याने अंघोळ झाली, की अंग ओलसर असतानाच मलम लावायचे, लाल जागी औषध लावायचे, वर भिजवून पिळलेली मी आणि माझ्यावर कोरडी पट्टी, असा क्रम ठरला.

“खाज कुठी गेली वं माय?” काही दिवसांनी खुशीने विचारले.

“पट्टीले विचार,” सीमाताई हसल्या.

खाज अजूनही मधूनच येते. परंतु खुशी आता ओरबाडत नाही, माझ्यावर हलकेच थोपटते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आशाबाई पदराखाली हात लपवून आल्या.

“सीमा, पोरीच्या हातावर काय बांधतं वं? मले बी दे.”

त्यांची बोटे लाल होऊन तडकली होती.

“कावून? खुशीचं लागलं काय तुमाले?”

“टोमने नको मारू. भांड्याच्या साबनानं दोन वर्सांपासून खाजवून राहिलो मी.”

“दोन वर्सं पोरी तुमच्या हातची खिरापत खाऊन राहिल्या. लागलं काय कोनाले?”

आशाबाईंनाच हसू फुटले.

“पट्टी देतो,” सीमाताई म्हणाल्या, “पन आधी डाक्तरीनबाईले हात दाखवा.”

आज कोजागिरीला आशाबाई स्वतः दारात आल्या. “चाल वं खुशे, टिपऱ्या घे. खिरापत आज तूच ओळखजो!”

मी दोरीवरून ऐकत आहे. सर्वांत वरचा आवाज खुशीचा आहे, आणि तो किंचित बेसूर आहे, हे मला मान्य केलेच पाहिजे. वाचकहो, खाज सुटलेल्या मुलावर “खाजवू नकोस” म्हणून ओरडू नका. त्याला थंडावा द्या आणि दारातून परत पाठवू नका. आता मला लवकर वाळू द्या. नाचून घामेजलेली खुशी येईल, तेव्हा मला पुन्हा भिजायचे आहे.