मार्टिनचा गुडघा

राजवर्धन सुट्टी संपवून पलटणीत परत जाताना आपला जुना लॅपटॉप धाकट्या बहिणीला, संयोगिताला, देऊन गेला. त्यात त्यानं फुटबॉलचा एक गेम टाकून ठेवला होता. तेवढाच जीव रमंल, असं तो आईला, चंद्राबाईला, म्हणाला होता.

संयोगिता दोन वर्षांपूर्वीपर्यंत सांगलीच्या एका फुटबॉल क्लबकडून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळायची. एका सामन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. नऊ महिन्यांनी ती सरावाला गेली, तर संघाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कोच लालासाहेब सरांनी कारण सांगितलं नाही, दुसरं काहीतरी बघ म्हणाले. तेव्हापासून ती गावी, कुंडलला, घरीच होती. सरांचे दोन-तीन फोन आले, ते तिनं उचलले नाहीत.

एका दुपारी आई रानात गेल्यावर तिनं गेम उघडला. आधी वाटलं, भलतंच काहीतरी उघडलं. चेंडू कुठंच नव्हता. नुसते तक्ते, आणि प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं वेगाचे, दमाचे, धाडसाचे आकडे. अध्यक्षाचं पत्र, डॉक्टरचं पत्र. सामना सुरू झाला तरी तिला लाथ मारायची सोय नव्हती. कोचसारखा संघ निवडायचा आणि बाजूला बसून बघायचं. हे कसलं खेळणं, असं म्हणत तिनं लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी मात्र परत उघडला, मार्टिनसाठी.

तिनं घेतलेल्या लहानशा विलायती क्लबात मार्टिन उजव्या विंगला होता. वेग वीसपैकी सोळा. चेंडू मिळाला की तो रेषेला धरून सुटायचा. चौथ्या सामन्यात त्याला उचलून बाहेर नेलं. डॉक्टरचा निरोप आला: गुडघ्याचं लिगामेंट, आठ महिने.

तिनं तो निरोप तीनदा वाचला. मग गेममधला सगळ्यात चांगला सर्जन त्याला दिला. गेममधले आठ महिने तीन-चार दुपारींत सरले. मार्टिन परत आला तेव्हा वेगाचा आकडा अकरावर होता. तरी तिनं त्याला सहा सामने खेळवलं. पाच हरले. अध्यक्षानं लिहिलं, आता दोन सामने बघू, नाहीतर तुमच्या जागी नवा माणूस आणू.

मार्टिनचा करार संपत आला होता. वाढवायचा का, असं गेमनं विचारलं. तिनं 'नाही' दाबलं. त्याला काय सांगायचं, याची तीन वाक्यं समोर आली. तिनं एकही न निवडता ती चौकट बंद केली आणि त्याच्या जागी दुसरा घातला. पुढचा सामना दोन-शून्यनं जिंकला. दुसऱ्या गोलला ती खुर्चीतून उठली, दोन्ही हात वर करून. मग तशीच उभी राहिली.

रविवारी राजवर्धनचा फोन आला. गेम कसा आहे, असं त्यानं विचारल्यावर तिनं मार्टिनचं सगळं सांगितलं.

"दादा, सरांचं काय चुकलं न्हवतं," ती म्हणाली.

"आगं, गेम हाय त्यो."

"व्हय. पर त्याला काढल्यावर मला लय बरं वाटलं."

तो म्हणाला, मग सरांना फोन कर, बोलून मोकळी हो. काय बोलू, असं तिनं विचारलं आणि फोन आईकडं दिला.

संघातून नाव गेल्यापासून ती रोज पहाटे उठून पायाला वाळूची पिशवी बांधायची आणि गुडघा शंभर वेळा वर-खाली करायची. एक दिवस सरांसमोर पळून दाखवायचं, एवढंच डोक्यात असायचं. दुखलं की सरांचा चेहरा आठवायचा आणि आणखी दहा वेळा व्हायचं. सोमवारी ती उठली नाही. आईनं विचारलं तर उद्या करते म्हणाली. मंगळवारीही तेच. गेमही तिनं काढून टाकला. सरांवरचा राग शोधून पाहिला, तर तो हाताला लागेना, आणि त्याच्या जागी दुसरं काहीच नव्हतं.

आठवड्यानं चंद्राबाईनं छतावर कुरडया घातल्या. वाऱ्यानं प्लास्टिक उडायला लागलं, तेव्हा वजनाला संयोगिताची वाळूची पिशवी घेऊन आली.

"ही लागती का गं तुला?" तिनं विचारलं.

"न्हाई. ठेव," संयोगिता म्हणाली, आणि प्लास्टिकचं दुसरं टोक पायानं दाबून धरलं.