दुसरं पान

“अहो थांबा, थांबा! परत पहिल्यापासून कशाला?” वाद्यदुरुस्तीवाल्यानं हात वर केला, तसा बाबांचा गज व्हायोलिनवर अधांतरीच राहिला.

“चुकलो ना,” बाबा म्हणाले.

“चुकलात दुसऱ्या पानावर. पहिल्या पानानं तुमचं काय घोडं मारलंय?”

नव्या तारा बसवून घ्यायला मी बाबांबरोबर त्याच्या दुकानात आले होते. मला हसू आलं. बाबांना नाही. एकतीस वर्षं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून, ते ही एकच दोन पानी धून वाजवत होते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी हातपाय धुऊन व्हायोलिन काढायचं, दुसऱ्या पानावर धून वर चढू लागली की अडखळायचं आणि चरफडत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पहिलं पान घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. शेवट कसा आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्यांनी आईला ही धून पूर्ण ऐकवायचं कबूल केलं होतं. आईनं त्याची कधी आठवण करून दिली नाही. तिचा स्वभावच तसा.

“शेवटच्या दोन ओळी आधी बसवा,” दुरुस्तीवाला म्हणाला. “अगदी सावकाश. त्या बसल्या की त्यांच्या आधीच्या दोन घ्या. अडलं तिथंच मेहनत करा. काच अर्धी घासून गिऱ्हाईकाच्या हातात देता का तुम्ही?”

हे बाबांना लागलं. आणि पटलंही.

आता घाई होती ती आईच्या कानांमुळे. डब्यांच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या यंत्राशेजारी तिनं सव्वीस वर्षं काढली होती. बारीक, उंच आवाज आधी जातील, जाड आवाज बराच काळ राहतील, असं कानाच्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं. कानातलं मशीन लावलं की तिला नुसता खडखडाट ऐकू यायचा, म्हणून ते डबीतच पडून होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत तासभर थांबू लागले. आईला सांगितलं, काम वाढलंय. तीन महिन्यांत शेवट बसला. मी एकदा त्यांना बोलवायला गेले आणि दाराबाहेरच उभी राहिले. धून वर वर चढत गेली आणि सगळ्यांत बारीक तारेवर, अगदी हलकेच, संपली. इतकं सुंदर काही आमच्या घरात इतकी वर्षं अर्ध्यावर पडून होतं, या विचारानं मला रडू आलं.

“बाबा, आजच ऐकवा आईला.”

“दोन जागा अजून डळमळतायत.”

“डळमळू द्या की! तिला काय तुमची परीक्षा घ्यायचीये?”

“एकतीस वर्षं कच्चंच ऐकलंय तिनं,” ते म्हणाले. “आता पक्कं ऐकवीन.”

मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता. त्या दोन जागांपायी आणखी पाच महिने गेले. तेवढ्या काळात आईला दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. मला ते दिसत होतं, पण बाबांचा हिरमोड होईल म्हणून मी बोलले नाही. असला शहाणपणा काय कामाचा!

एका सुटीच्या दुपारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. आई खिडकीशी बसून बटण लावत होती.

“ऐकतेस का?” त्यांनी मोठ्यानं विचारलं.

“ऐकतेय हो. वाजवा तुम्ही,” म्हणत ती सुईत दोरा ओवत राहिली.

पहिल्या पानाला तिचा पाय ठेका धरून हलत होता. दुसऱ्या पानावर बाबा न अडखळता वर चढले. डळमळणाऱ्या दोन्ही जागा बिनबोभाट पार पडल्या. गज चालतच होता आणि आईचा पाय थांबला होता. आई, वर बघ, एकदा तरी बघ, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. तिची नजर बटणावरच होती. शेवटचा सूर विरला. बाबांनी गज खाली घेतला. कपाळ घामानं डबडबलेलं, आणि निकालाची वाट पाहावी तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

आईनं दातांनी दोरा तोडला आणि वर पाहिलं.

“अडलात का हो?” तिनं मायेनं विचारलं. “जाऊ द्या. एवढं मनाला लावून नका घेऊ. येतं तेवढंही मला पुष्कळ आवडतं.”

“आई, अगं...” म्हणत मी उठले. बाबांनी मान हलवून मला खाली बसवलं.

“हो,” तिच्याकडे तोंड करून, तिला नीट ऐकू जाईल अशा जाड आवाजात ते म्हणाले, “अडलो खरा.”

मग त्यांनी पुन्हा पहिलं पान सुरू केलं. ते छान वाजलं, नेहमीसारखंच. पान संपलं तिथं त्यांनी गज खाली ठेवला आणि पान उलटलं नाही.