डोहावरची नावं

रमन्याच्या तोंडाशी सासूनं, कडूबाईनं, काठी आडवी धरली, तशी नैवेद्याची दुरडी डोक्यावर सावरत चतुरा थांबली. मागं बंकट, तिचा नवरा, तोही थांबला.

खाली डोह होता. धारूरच्या डोंगरातनं उतरलेलं पाणी तिथं काळंभोर होऊन पडलेलं, आणि काठानं दगड उभे. माणसाएवढे, मान मोडल्यासारखे, पोटाला आरपार भोकं पडलेले. भोकांत वारा शिरला की ते हुंकार देत. निजामाच्या त्या अमलात हा रमना, हे सगळं रान, शिकारीसाठी राखलेलं. पण वर्षातनं एक दिवस नव्या सुनांना डोहाच्या पाया पडायला सोडत.

"हितून म्होरं खरं नाव घ्यायचं न्हाई," सासू म्हणाली. "दगड ऐकत्यात. ज्येचं नाव ऐकलं त्येला डोह नेतो. मेलेल्या मानसाचं नाव घ्यायचं. त्येला दुसऱ्यांदा कोन नेतंय?"

"मी धुळाजी आजा," बंकट म्हणाला.

"मी माझी सासू. जित्तेपनी लई छळलं तिनं, आता तरी कामाला येऊ दे."

चतुराला हसू आलं. "अन् मी, आत्याबाई?"

"तू बायना," कडूबाई सहज बोलून गेली, आणि तिची काठी उचलली तशीच राहिली.

बायना म्हणजे बंकटची पहिली बायको. भांडून घाटनांदूरला माहेरी जाऊन बसली, नांदायला येत नाही, असं सोयरीक जुळवताना चतुराच्या बापाला सांगितलेलं. परवाच बंकट म्हणाला होता, "न्यायला गेलतो. आली न्हाई." आणि इथं तर नाव मेलेल्या माणसाचंच घ्यायचं होतं.

बंकट खाली वाकून पायतानाचा अंगठा चाचपत राहिला.

"चला, ऊन चढतंय," सासू म्हणाली.

दगडांमधून एकेरी वाट होती. पाण्याच्या कडेला एक सपाट, शेवाळलेला दगड. बंकट पुढं होऊन त्यावर उभा राहिला आणि त्यानं हात केला.

"बायना, म्होरं ये. दुरडी हितं ठिव."

चतुरानं दुरडी होती तिथंच खाली ठेवली, नीट, भाकरी न सांडता. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुन्हा नवऱ्याचं नाव तिच्या जिभेवर आलं नव्हतं.

"बंकट," ती म्हणाली.

वारा पडलेला होता, तरी दगडांनी ते नाव एकामागून एक फिरवलं. बंकटचा हात पुढंच राहिला. कडूबाईनं काठी टाकली, धावत जाऊन लेकाचा दंड धरला आणि त्याला पाण्यापासून मागं ओढू लागली.