कलम चौदाचे किडे

जर्मनीतल्या लाइपझिगच्या कडेला असलेल्या त्या बागवसाहतीत, म्हणजे भाड्यानं दिलेल्या बागेच्या तुकड्यांच्या वसाहतीत, दुपारी एक ते तीन गवत कापायला बंदी, खिळा ठोकायला बंदी, मोठ्यानं हसायलाही जवळजवळ बंदीच. नेमक्या त्याच वेळात श्री. त्सीशे किडे पकडायची जाळी घेऊन गवतातून फिरत. जाळीचा आवाज होत नाही, तेव्हा ती नियमात बसते, असं वसाहतीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या तुकड्यावर इर्मट्राउट काल्बित्स एकतीस वर्षं गुलाब वाढवत होती आणि तितकीच वर्षं त्सीशेंना तुच्छ लेखत होती. दोन्ही कामं तिनं मन लावून केली होती. नियमावली पाठ असणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. ती पाठ म्हटल्यावर जगही तसंच वागतं असं मानणारा हा एकच.

उन्हाळ्यात त्सीशे आपली शॅमेलिऑन, कुनिगुंडे, जाळीच्या पिंजऱ्यात घालून कुंपणालगतच्या सफरचंदाला टांगत. डोक्यावर टोपीसारखा तुरा, एक डोळा माणसाकडे, दुसरा भलतीकडे. हा सरडा त्सीशेंचं काडीचंही ऐकत नसे. इर्मट्राउटला तो त्यासाठीच आवडे.

"आज हाताला काय चपळाई आलीय बघा, फ्राऊ काल्बित्स," त्सीशे कुंपणापलीकडून म्हणाले. "एका फेरीत चाळीस किडे. नाकतोडे तर उडायचं नावच घेत नाहीत."

गुलाब छाटता छाटता इर्मट्राउटचा हात थांबला. कालच तिनं गुलाबांवरच्या माव्यावर औषध मारलं होतं आणि वारा त्सीशेंच्या गवताकडे होता. कीटकनाशकाला वसाहतीत बंदी, कलम चौदा. एकदा कुंपण उंच वाढलं म्हणून आणि एकदा दुपारी पावणेतीनला खिळा ठोकला म्हणून, अशा दोन लेखी ताकिदी तिला आधीच मिळाल्या होत्या. तिसरीला तुकडा जातो.

"नाकतोडा उडत नसेल तर तो आजारी असतो, हेर्र त्सीशे. त्यात तुमची कसली चपळाई."

"तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"काहीच नाही. तुम्ही कुंपणावरून सांगत आलात तेवढंच."

सांगत तर ते आलेच होते. रस्त्याकडेचे किडे घ्यायचे नाहीत, शेताच्या बांधावरचे नाहीत, तिथं फवारलेलं असतं. केसाळ सुरवंट काढून टाकायचे, भडक रंगाचे भुंगे काढून टाकायचे, काजवा तर डोळ्यांसमोरही नको, एकानंच सरडा मरतो. उरलेले हवेशीर बरणीत कोवळ्या पानांवर दिवसभर ठेवायचे, आणि बरणीत मेला तो पिंजऱ्यात जायचा नाही. जाळीतल्या या घबाडाला हे हौशी लोक 'कुरणातलं प्लवक' म्हणतात, जणू गवतात समुद्र भरलाय.

"मग दिवसभर बरणीत ठेवणार ना?"

"ते बाहेरच्या प्लवकाला. हे वसाहतीतलं आहे. इथं फवारायला मनाई आहे."

"मनाई आहे म्हणून कुणी फवारत नाही?"

बुधवार मंगळवारच्या आधी येतो का, असं कुणी विचारल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मनाई आहे," ते पुन्हा म्हणाले.

"निदान माझ्या बाजूचे घेऊ नका. काटे आहेत."

"काटे गुलाबाला असतात, किड्यांना नाही." त्यांनी पिंजऱ्याची चेन उघडली. "अकरा दिवस झाले. दुकानातल्या रातकिड्यांकडे ही ढुंकून बघत नाही. आज नाही खाल्लं, तर मग…" पुढचं राहिलं. चिमट्यातला नाकतोडा थरथरत होता. नाकतोडा नव्हे, हात. ते दिसलं याचा इर्मट्राउटला राग आला. ज्याला तुच्छ मानायचं त्यानं असा हात दाखवू नये.

कुनिगुंडेचे दोन्ही डोळे एकाच जागी येऊन थांबले.

"मी फवारलंय," इर्मट्राउट म्हणाली.

"काय?"

"काल. गुलाबांवर. वारा तुमच्याकडे होता."

"शक्य नाही. कलम चौदा…"

इर्मट्राउट तरातरा खोपटात गेली, बाटली आणली आणि कुंपणाच्या खांबावर ठेवली. त्सीशेंनी चष्मा लावला आणि लेबल वाचायला घेतलं, बारीक अक्षरांसकट, उत्पादकाच्या पत्त्यासकट. दुसऱ्या हातातला चिमटा तसाच पिंजऱ्यात होता. कुनिगुंडेनं तोंड किंचित उघडलं. इर्मट्राउटनं कुंपणावरून वाकून त्यांच्या मनगटावर फटका मारला. नाकतोडा गवतात पडला आणि पडला तिथंच बसून राहिला.

"नोंद मागाहून करा. आधी पिंजरा लावा."

त्यांनी चेन ओढली आणि पालथ्या बादलीवर बसले. मग अपेक्षेप्रमाणे वही निघाली.

"किती वाजता फवारलंत?"

"संध्याकाळी सहाला."

"म्हणजे शांततेच्या वेळेबाहेर," ते लिहीत म्हणाले. "हे तुमच्या बाजूनं जातं."

आभार मानायची त्यांची हीच तऱ्हा असावी. इर्मट्राउटला त्यांची कीवही करवेना.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. तुकडा नोव्हेंबरअखेर रिकामा करावा. सही, शिक्का. खाली पेनानं दोन ओळी: 'कुनिगुंडेनं सहा नाकतोडे खाल्ले. नदीपलीकडचे, दिवसभर बरणीत ठेवलेले. ता. क. आपल्या कुंपणाची झुडपं दोन सेंटीमीटर जास्त आहेत, ती जाण्यापूर्वी छाटावीत.'

इर्मट्राउटनं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. तिनं खोपटातून विजेची कातर काढली, वायर जोडली आणि छाटायला सुरुवात केली. अख्ख्या वसाहतीत घरघर घुमली. कुनिगुंडेची तिला काळजी नव्हती. या जातीला ऐकू फारसं येत नाही, हेही त्सीशेंनीच सांगितलं होतं.

त्सीशे सफरचंदाखालून उठले, कुंपणापर्यंत आले. हात वहीच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"दोनच सेंटीमीटर," ते ओरडून म्हणाले. "जास्त नको."

तिनं तीन कापले.