कपाटातला दिवा

“अगो बाय, पिल्लू! पिल्लू गावलं!”

एकोणतीस वर्षं झाली, पण हा आवाज माझ्या नळीत अजून घुमतो. तो ऐकला तेव्हा मी कोरा करकरीत होतो. माझ्या डोळ्याला पहिल्यांदा डोळा लावून कुणीतरी आनंदानं ओरडलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आता मुक्काम तुमच्या शाळेच्या कपाटात असला, तरी माझी उमेदीची सगळी वर्षं परळच्या एका प्रयोगशाळेत गेली. ओरडली ती नलू. लालबागच्या गिरणीकामगाराची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. माझं नाव तिनंच ठेवलं. “बंडू,” ती म्हणाली, “पेटीतून बाहेर आलास तो कसा बावळटासारखा बघत होतास!” नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमचं काम लहान मुलांच्या रक्तातल्या पेशी बघण्याचं. धूर, धूळ, रसायनं पोरांच्या अंगात शिरतात, पण काय करून जातात ते वरून दिसत नाही. म्हणून चमचाभर रक्त घ्यायचं आणि तीन दिवस उबेत ठेवायचं. पेशी दुभंगू लागल्या की औषध घालून त्यांना मध्येच थांबवायचं. मग काचेवर पसरून जांभळा रंग द्यायचा. अशा थांबलेल्या पेशीत दोन केंद्रं शेजारी शेजारी दिसतात, चाळीतल्या जोडखोल्यांसारखी. पण आईबापांकडून आलेल्या नाजूक धाग्यांपैकी, म्हणजे गुणसूत्रांपैकी, एखादा तुटला, तर त्याचा तुकडा बाहेरच राहतो. इवलासा जांभळा ठिपका. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. नलूनं त्याला पिल्लू म्हटलं, आणि पुढे मोठमोठ्या बैठकांतसुद्धा “किती पिल्लं?” असंच विचारू लागले.

एका काचेवर हजार पेशी मोजायच्या. काचेवर नाव नाही, नुसता नंबर. नलू एका हातानं मोजणीचं बटण दाबी आणि तोंडानं गुणगुणे:

दोन खोल्या एका दारी, गोडीचा गं संसार
तिसरं पिल्लू अंगणात, कुणी काढलं बाहेर

तिची ओवी आणि माझा उजेड. आमच्या दोघांत तिसरं कुणी नव्हतं.

मुंबईच्या दमट हवेचा आम्हां काचेच्या जातीला फार धाक. भिंगाला बुरशी धरते. म्हणून माझ्या कपाटात पंधरा वॅटचा एक पिवळा दिवा बारा महिने जळत असे. संध्याकाळी नलू मला आत ठेवी, दिवा नीट लागलाय ना ते बघे आणि म्हणे, “ऊब घे रे बंडू. उद्या लवकर येते.” त्या दिव्याच्या उबेत मी राजा होतो.

आणि मग तो आला.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चार माणसांनी त्याला उचलून आणलं. पांढरा, गुळगुळीत, पोटात कॅमेरा असलेला. काचा पोटात घालायच्या आणि चहा प्यायला जायचं. येईपर्यंत हा सगळ्या पेशी मोजून मोकळा! त्याच्यासाठी वेगळी खोली, गारवा, काचेचं दार. माझ्यापुढे कधी कुणी नारळ फोडला नव्हता. त्याच्यापुढे फोडला.

“ताई, एकदम हिरो आहे हा,” अनुजा म्हणाली. ही नवी तंत्रज्ञ, त्याच्यासाठीच नेमलेली. “तुमच्या बंडूला आता पेन्शन द्या.”

“गप गो,” नलू म्हणाली. पण हसली. ते हसणं मला सुईसारखं टोचलं.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मी जळत होतो. माझ्या बल्बपेक्षा जास्त जळत होतो. दसऱ्याला झेंडूचा हार त्याच्या गळ्यात आणि माझ्या वाट्याला हारातून गळलेलं एक फूल. नलू त्याच्या पडद्यासमोर उभी राहून “बघा गो, किती भराभरा मोजतो लबाड!” असं म्हणाली त्या दिवशी मला वाटलं, याचा कॅमेरा फुटावा, याची वायर उंदरानं खावी.

एक गोष्ट तर फारच जिव्हारी लागली. तो आला त्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या कपाटातला दिवा लागलाच नाही. त्याला एक प्लग कमी पडत होता. माझा त्याला दिला. कुणी दिला ते बंद कपाटातून मला दिसलं नाही. मी समजलो, अनुजाच असणार.

तो सबंध पावसाळा मी अंधारात काढला. श्रावणात माझ्या मोठ्या भिंगाच्या आतल्या बाजूला काहीतरी गुदगुल्या करू लागलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू. नलूनं मला बाहेर काढलं, भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. वरून पुसून आतली बुरशी जाते थोडीच? मग तिनं मला पुन्हा आत ठेवलं.

दिवाळीनंतर वरळीच्या एका चाळीतली चाळीस मुलं रक्त द्यायला आली. चाळीमागे काँक्रीट कालवण्याचा कारखाना उभा राहिला होता. दिवसभर डंपर, सिमेंटची धूळ, डिझेलचा धूर. कारखाना तिथून हलवा, असा चाळकऱ्यांचा अर्ज होता, आणि आमच्या अहवालावर त्याचं सगळं अडलं होतं.

त्यांत मनवा नावाची नऊ वर्षांची चुणचुणीत मुलगी होती. सुई टोचताना रडली नाही, उलट माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “काकी, ह्यात माझं रक्त बोलणार?”

“बोलणार ना. मी ऐकणार.”

“आणि काय बोललं ते खरं सांगणार? घरी सगळे सांगतात, काही नाही झालेलं. मग दादाला एवढा खोकला का?”

“खरं सांगणार, बाय.” नलूनं एक जुनी काच माझ्याखाली ठेवली. “ये, बघ.”

मनवानं डोळा लावला. “काकी, धुकं दिसतंय.”

“डोळा नीट लाव.”

“लावलाय. धुकंच आहे.”

नलूनं तिला हळूच बाजूला केलं आणि काच काढून घेतली.

पुढचे दोन महिने त्या मुलांच्या काचा दोनदा मोजल्या गेल्या. एकदा त्याच्या पोटात, एकदा माझ्याखाली नलूच्या डोळ्यानं. ओवी मात्र ऐकू आली नाही. माझ्या धुक्यातून लहान पिल्लं निसटून जात होती, ते मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे? आणि खरं सांगू, तोंड असतं तरी मी बोललो नसतो. बोललो असतो तर भंगारात गेलो असतो, आणि तो जिंकला असता.

जानेवारीत बैठक झाली, माझ्याच टेबलाभोवती. प्रमुख देविका मॅडम गिरगावच्या, बोलणं मोजून मापून. दोन कागद त्यांनी शेजारी ठेवले. नव्या मशीननं या मुलांत पिल्लं नेहमीपेक्षा दुपटीनं जास्त दाखवली होती. आमच्या कागदावर सगळं ठीक होतं.

“पिल्लं म्हणजे आजार नव्हे, ती हवेनं केलेली खूण आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण खूण आहे की नाही, हे तरी आपल्याला नेमकं सांगता आलं पाहिजे.”

“मॅडम, मशीनचं चेकिंग झालंय,” अनुजा म्हणाली.

“असेल. पण मशीन नवं आहे. रंगाचे कणही पिल्लं म्हणून मोजत असेल. नलूताईंचा हात एकोणतीस वर्षांचा आहे. अहवालात त्यांचेच आकडे जातील. मशीन कंपनीकडे परत तपासायला पाठवा.”

मित्रांनो, त्या क्षणी मी काय फुगलो म्हणून सांगू! जिंकलो! काचेच्या दाराआड तो पांढरा डबा गप्प बसला होता. जा आता खोक्यात, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात मला मनवाचे शब्द आठवले. धुकंच आहे, काकी. माझ्या विजयाच्या कागदावर चाळीस पोरं होती. तो कागद गेला की कारखाना तिथेच राहणार होता, धूळ तिथेच राहणार होती. माझ्या मत्सराची भरपाई ती पोरं करणार होती.

म्हणून सांगतो, मला हाताळाल तेव्हा भिंग मऊ कापडानं पुसा, कपाट कोरडं ठेवा, कोपऱ्यातल्या, ओल शोषून घेणाऱ्या सिलिकाच्या पुडीचा रंग बदलला की ती तापवून घ्या. आणि कधी धुकं दिसलं, तर दिसलं म्हणून सांगा. मनवासारखं, मोठ्यानं. माझी तक्रार बुरशीबद्दल नाही. पुढे नवं भिंग बसवलं, ती गेली, आणि मी तुमच्या शाळेत आलो. पण बुरशी धरल्याचं कुणी बोललं नाही, तेवढे दिवस वाया गेले.

तर त्या बैठकीत मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. सही खाली उतरणार, तेवढ्यात नलूनं कागदावर हात ठेवला.

“थांबा, मॅडम.”

“काय झालं, नलूताई?”

नलूनं दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला.

“त्या मशीनला परत पाठवू नका. ते खरं बोलतंय.”

“म्हणजे?”

“कपाटातला दिवा मीच काढला. मशीनला प्लग नव्हता, म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न, इलेक्ट्रिशियन येईल. तो आला नाही आणि मी विसरले. श्रावणात बघते तर ह्याच्या भिंगाला आतून बुरशी. सांगितलं असतं तर चूक माझी निघाली असती, आणि माझ्या बंडूला तुम्ही भंगारात दिलं असतं. म्हणून गप्प बसले. त्या पोरीला एका नजरेत धुकं दिसलं, मॅडम, आणि मी तिलाच सांगितलं, डोळा नीट लाव.” तिनं आमचा कागद उचलला आणि मधोमध फाडला. “पिल्लं आहेत. पहिल्या दिवसापासून होती. मला दिसली नाहीत.”