मुळा गोड लागतो तेव्हा

तोकिएबाईंच्या लोणच्याला गावात तोड नव्हती. थंडीच्या तोंडावर नोझावाना या पालेभाजीच्या जुड्या मोठ्या पिंपात रचायच्या आणि वर मुठीनं मीठ फेकायचं. मोजमाप कधी केलं नाही. "हात आहे ना माझा," म्हणायच्या. शेजारणी चहाला जमल्या की लोणच्याचा वाडगा बघता बघता रिकामा व्हायचा.

त्या वर्षी त्यांचे यजमान शिगेझो छपरावरचा बर्फ उपसून खाली उतरले आणि दारातच कोसळले. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला. रक्तदाब फार आहे, मीठ तोडा, असं डॉक्टरांनी बजावलं. तोकिएबाईंनी घरी येताच सोया सॉसची बाटली तांदळाच्या डब्यात लपवली.

दुसऱ्या दिवशी मिसोच्या सारात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा, जेमतेम नावाला होता.

"हे सार आहे की भांडी धुतलेलं पाणी?" शिगेझो करवादले.

"भांडी धुतलेलं. गरम आहे तोवर प्या. मीही तेच पितेय."

त्या हटणाऱ्या नव्हत्याच. सुकी मासळी आणि अळंबी उकळून त्यांचा दाट रस काढायच्या, त्यात मुळा, गाजर सढळ हातानं घालायच्या. शिगेझो रोज तोंड वाकडं करत, पण वाटी संपवत. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी त्यांचा घास हातातच थांबला.

"तोकिए, यात साखर घातलीस?"

"नाही हो."

"खोटं बोलू नकोस. मुळा गोड लागतोय! मीठ बंद केलंस, आता साखरेनं मारतेस का मला?"

तोकिएबाईंनी चाखून पाहिलं. खरंच गोड होता. त्यांना हसूच आवरेना.

त्याच आठवड्यात शेजारची उमेनो चहाला आली. तिला वाढता वाढता तोकिएबाईंनी कितीतरी दिवसांनी आपल्या लोणच्याचा देठ तोंडात टाकला आणि लगेच काढला. नुसतं मीठ!

"उमेनो, खाऊ नकोस गं. पिंप बिघडलंय."

"काय बिघडलंय? दरवर्षीसारखंच तर झालंय. झकास!" उमेनोनं आणखी ओढून घेतलं.

म्हणजे पिंप तेच होतं, आपली जीभ पालटली होती. आयुष्यभर ज्याची वाहवा ऐकली ते आपल्यालाच गिळवेना, याचं तोकिएबाईंना वाईट वाटलं. पण चहा संपेपर्यंतच.

पुढल्या थंडीत त्यांनी निम्म्याच मिठात लोणचं घातलं. कमी मिठाचं लवकर आंबतं, म्हणून लहान लहान पिंपं केली आणि घरामागच्या गारठ्यात ठेवली.

"गाव हसेल," शिगेझो म्हणाले.

"हसू दे. हसताना तोंड उघडतं, तेवढ्यात एक घास भरवते."

पहिल्याच घासाला उमेनो ओरडली, "अगदीच अळणी गं बाई!" तिनं स्वतःच्या घरून सोया सॉस आणून भरपूर ओतला. एक-दोन शेजारणींनी तर लोणच्याला हातच लावला नाही. तोकिएबाई मात्र येईल तिच्यापुढे तोच वाडगा ठेवत राहिल्या. हळूहळू उमेनोची सोया सॉसची धार थेंबांवर आली. एके दिवशी ती बाटली घरीच विसरून आली आणि बोलता बोलता वाडगा संपवून बसली.

"पुढच्या वर्षी माझंही एक पिंप लाव," ती जाताना म्हणाली.

"लावीन की. पण ओढ्यावर पाला तू धुवायचा. गार पाण्यानं बोटं गळून पडतात माझी."

"बघू," म्हणत उमेनोनं शिगेझोंच्या पुढ्यातला शेवटचा देठही उचलला.